मंडई, अवशेष, स्मारक : ईपरच्या कापडमंडईची वाचनपरंपरा

१.

वास्तू आणि साहित्यकृती यांच्या परस्परसंबंधाचा विचार करताना व्हिक्तोर ह्यूगो यांच्या ‘नोत्र-दाम द पारी’ (१८३१) या कादंबरीतील एका प्रकरणाचा आधार तौलनिक साहित्याभ्यासात वारंवार घेतला जातो. १८३२ च्या आवृत्तीत समाविष्ट झालेल्या या प्रकरणातील प्रतिपादनाचा आशय असा की, मुद्रणकलेच्या उदयापर्यंत वास्तू हाच मानवजातीचा प्रमुख ग्रंथ होता. छापील पुस्तकाने त्याचे स्थान घेतले आणि वास्तुकलेचा प्रभाव ओसरत गेला. ग्रंथ वास्तूला मारतो, हे ते सूत्र. विसाव्या शतकाच्या इतिहासात या सूत्राला छेद देणारी जी उदाहरणे आढळतात, त्यांत बेल्जियमच्या पश्चिम फ्लँडर्स प्रांतातील ईपर या शहराची मध्ययुगीन कापडमंडई विशेष विचारार्ह ठरते. ही वास्तू तोफांनी उद्ध्वस्त झाली, जुन्या रूपात पुन्हा उभी राहिली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्यात स्थापन झालेल्या संग्रहालयाने आपले नाव एका कवितेवरून घेतले. येथे ग्रंथाने वास्तूला मारले नाही. उलट तिला नवे काम मिळवून दिले. ते काम कोणत्या अटींवर मिळाले आणि त्याची किंमत काय, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

शहराच्या नावापासूनच वाचकभेद सुरू होतो. डच भाषेत ते ‘ईपर’, फ्रेंचमध्ये ‘ईप्र’ आणि पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकांच्या तोंडी ‘वायपर्स’. ही केवळ उच्चारांची भिन्नता नाही. पहिले नाव रहिवाशांचे, दुसरे दीर्घकाळ राज्यकारभाराचे व उच्चभ्रू संस्कृतीचे, तिसरे चार वर्षे चिखलात राहून गेलेल्या परक्यांचे. एकाच चौकातील एकाच इमारतीवर या तिन्ही वाचकवर्गांनी हक्क सांगितला आहे. तिचे उपयोग जसजसे बदलले तसतसे तिचे अर्थ बदलले. आणि प्रत्येक नव्या वाचनाने आधीच्या वाचनांपैकी काही राखले, काही पुसले. आजच्या वाचनाचे मूल्यमापनही त्यामुळे एकाच कसोटीवर करावे लागते : आधीची वाचने त्याच्या आतून किती दिसतात?

२.

मध्ययुगीन फ्लँडर्सची समृद्धी लोकरी कापडावर उभी होती. इंग्लंडमधून कच्ची लोकर येई; ती पिंजणे, कातणे, विणणे, कुंदी करणे आणि रंगवणे ही कामे ब्रुज, गेंट आणि ईपर या शहरांत होत; तयार कापड युरोपभरच्या जत्रांमध्ये जाई. ईपरची कापडमंडई (डच नाव ‘लाकेनहाले’) या व्यवहाराचे केंद्र होती. तेराव्या शतकात टप्प्याटप्प्याने झालेले तिचे बांधकाम १३०४ मध्ये पूर्ण झाले. सुमारे १२५ मीटर लांबीचा दर्शनी भाग आणि मधोमध सुमारे ७० मीटर उंचीचा घंटामनोरा असे तिचे स्वरूप होते. पश्चिमेच्या अंगाने ईपरले ही नदी वाहत असे आणि माल होड्यांतून थेट मंडईपाशी उतरवला जाई. ही नदी पुढे भूमिगत करण्यात आली. आजच्या प्रेक्षकाला मंडई जमिनीच्या मधोमध का उभी आहे हे कळत नाही, त्याचे कारण हेच. वास्तूच्या संहितेतील एक संपूर्ण ओळ अशी रस्त्याखाली गेली आहे.

या इमारतीचा आकार पाहून ती एखादी प्रार्थनामंदिराची वास्तू असावी, असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. परंतु तिचे मूळ प्रयोजन पूर्णतः ऐहिक होते. येथे कापड साठवले, तपासले, मोजले आणि विकले जाई. तपासणीत उतरलेल्या कापडाला शिशाचा शिक्का लावला जाई. तो शिक्का म्हणजे शहराचा शब्द. घंटामनोरा हेही नागरी स्वायत्ततेचे चिन्ह होते. चर्चच्या घंटेचा काळ आणि नगराच्या घंटेचा काळ वेगळे झाले, ते अशा मनोऱ्यांमुळे. कामाचा दिवस कधी सुरू होतो व कधी संपतो, हे नगराची घंटा सांगे. तिचा आवाज सर्वांना सारखाच सुखावह वाटत नव्हता. १२८० मध्ये कापड-कारागिरांनी नगरावर सत्ता गाजवणाऱ्या श्रीमंत व्यापाऱ्यांविरुद्ध उठाव केला. इतिहासात तो ‘कोकेरुल’ या नावाने ओळखला जातो. म्हणजे ज्या दशकांत ही भव्य वास्तू पूर्ण होत होती, त्याच दशकांत ती ज्यांच्या श्रमांवर उभी होती ते रस्त्यावर उतरले होते. पुढील काळातील सर्व गौरवपर वाचनांनी ही गोष्ट मागे टाकली.

या मंडईचे स्वतःचे एक लेखनविश्वही होते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात ईपरच्या जत्रेतील उधारीच्या व्यवहारांसाठी विशिष्ट प्रकारचे दस्तऐवज वापरले जात. एकाच चर्मपत्रावर तोच मजकूर दोनदा लिहायचा, मधल्या मोकळ्या जागेत काही अक्षरे काढायची आणि ती अक्षरे दुभंगतील अशा रीतीने चर्मपत्र कापायचे. एक भाग धनकोकडे, दुसरा नगराच्या दप्तरात. तंटा उद्भवल्यास दोन्ही भाग जुळवून पाहत. खरेपणाचा पुरावा मजकुरात नसे. तो कापलेल्या कडेत असे. अशा हजारो दस्तऐवजांचा संग्रह ईपरच्या दप्तरात विसाव्या शतकापर्यंत टिकला होता. गियोम दे मारे या इतिहासकाराने त्यांचा अभ्यास करून त्यांतील निवडक दस्तऐवज १९०१ मध्ये प्रसिद्ध केले. १९१४ च्या आगीत मूळ संग्रह जळाला. आज अभ्यासकांच्या हाती आहेत ती त्या अभ्यासकाची आणि त्याच्यासारख्या काही मोजक्या संशोधकांची टिपणे व छापील प्रती.

३.

चौदाव्या शतकापासून ईपरच्या कापडव्यवसायाला उतरती कळा लागली. इंग्लंडमधील कापडउद्योगाची वाढ, लोकरीच्या पुरवठ्यातील अडथळे आणि १३८३ चा इंग्रज व गेंटकरांचा वेढा ही त्यामागील प्रमुख कारणे होत. वेढ्याच्या काळात तटाबाहेरील विणकरांच्या वस्त्या नष्ट झाल्या आणि त्यांतील बहुसंख्य कारागीर शहरात परतले नाहीत. शहर आक्रसले, परंतु मंडई तेवढीच राहिली. वापरापेक्षा मोठी झालेली वास्तू हे तिचे नवे रूप. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिच्या पूर्व टोकाला ‘न्यूवेर्क’ नावाची प्रबोधनकालीन शैलीची जोडइमारत उभारून तेथे नगरकारभार सुरू झाला. मालाची जागा कागदाने घेतली.

या काळातील एक लोकाचार आजच्या पर्यटकाला विशेष परिचित आहे. घंटामनोऱ्यावरून जिवंत मांजरे खाली फेकण्याची प्रथा ईपरमध्ये होती. ती १८१७ मध्ये अखेरची पाळली गेली. लोकरीच्या साठ्यात उंदीर होऊ नयेत म्हणून मंडईत मांजरे पाळत, असे तिचे स्पष्टीकरण लोकप्रिय आहे. १९३८ पासून कापडी मांजरे फेकण्याच्या रूपाने हा आचार पुनरुज्जीवित झाला आणि पुढे त्याला भव्य मिरवणुकीचे स्वरूप आले. क्रौर्य वगळून कृती जतन करण्याचा हा प्रकार, मूळ जळाल्यानंतर रूप जतन करण्याच्या प्रकाराशी समांतर आहे. दोन्ही घटना एकाच दशकातील आहेत, हेही लक्षणीय.

एकोणिसाव्या शतकात मंडईचे वाचन आमूलाग्र बदलले. १८३० मध्ये बेल्जियम स्वतंत्र झाले आणि नव्या राष्ट्राला भूतकाळाची गरज निर्माण झाली. हेंड्रिक कॉन्शन्स यांच्या ‘द लेव फान फ्लान्डरेन’ (१८३८) या कादंबरीने १३०२ च्या लढाईचे आख्यान फ्लेमिश वाचकांच्या घराघरांत पोहोचवले. कादंबरीने जे शब्दांत केले तेच नगरांनी दगडांत केले. ईपरच्या मंडईची डागडुजी झाली, दर्शनी भागावर फ्लँडर्सच्या काउंट घराण्यातील व्यक्तींचे पुतळे बसवले गेले आणि वरच्या मजल्यावरील दालनांत फेर्डिनांड पाउवेल्स व लुई डेल्बेके या चित्रकारांनी शहराच्या इतिहासावर भित्तिचित्रे काढली. ज्या भिंतींजवळ कापडाचे तागे रचले जात, तेथे आता गतवैभवाची चित्रे आली. अलोइस रीग्ल यांनी १९०३ मध्ये स्मारकांविषयीच्या आपल्या निबंधात हेतुपूर्वक उभारलेली स्मारके आणि उत्तरकाळाने स्मारकत्व बहाल केलेल्या वास्तू असा जो भेद केला, त्यातील दुसऱ्या वर्गाचे ईपरची मंडई हे नमुनेदार उदाहरण होते. ती दहा वर्षांनी कोणत्या वर्गात जाईल याची कल्पना कुणालाही असणे शक्य नव्हते.

४.

२२ नोव्हेंबर १९१४ रोजी जर्मन तोफांच्या माऱ्याने मंडईला आग लागली. छप्पर, भित्तिचित्रे, दप्तर सारे जळाले. पुढील चार वर्षांच्या भडिमारानंतर मनोऱ्याचा खुंट आणि काही भिंती तेवढ्या उरल्या. जळत्या मंडईची छायाचित्रे जगभर गेली आणि एका वखारीचे रूपांतर आक्रमणाच्या प्रतीकात झाले.

याच अवशेषांचे एक अगदी वेगळे वाचन ‘द वायपर्स टाइम्स’ या सैनिकी नियतकालिकात आढळते. शेरवुड फॉरेस्टर्स पलटणीच्या अधिकाऱ्यांना उद्ध्वस्त ईपरमध्ये एक छापखाना सापडला आणि फेब्रुवारी १९१६ मध्ये पहिला अंक निघाला. त्यातील खोट्या जाहिरातींत कापडमंडई हे एक नाट्यगृह झाले आहे आणि हवा खेळती असणे हा त्याचा गुण म्हणून मिरवला आहे. छप्पर नसलेल्या इमारतीविषयीचा हा विनोद हलका वाटला तरी त्याचे कार्य गंभीर आहे. प्रतीक बनवल्या गेलेल्या वास्तूला तो पुन्हा वापरात आणतो. तिला मंडई म्हणून नाही, तर किमान तिकीटविक्रीची जागा म्हणून बाजारव्यवहार परत देतो. सैनिकांच्या या विडंबनात मंडईच्या मूळ प्रयोजनाची जी आठवण शिल्लक आहे, ती पुढील काळातील अनेक गंभीर लेखनांत नाही.

युद्ध संपताच वाद सुरू झाला. जानेवारी १९१९ मध्ये विन्स्टन चर्चिल यांनी संपूर्ण ईपरचे अवशेष ब्रिटनने स्मारक म्हणून ताब्यात घ्यावेत, असा विचार मांडला. ब्रिटिश वंशासाठी याहून पवित्र स्थळ जगात नाही, अशी त्यांची भूमिका होती. बेकल्स विल्सन यांच्या १९२० मधील पुस्तकाने शहराला ब्रिटिश शस्त्रांची पुण्यभूमी ठरवले. मंडई व शेजारच्या सेंट मार्टिन चर्चभोवतीचा परिसर तसाच राखावा, अशी मागणी पुढे आली. बेल्जियन वास्तुविशारद यूजेन द्यूईक यांनीही वेगळ्या कारणासाठी अवशेषांच्या जतनाचा पक्ष घेतला. जीर्ण वास्तूची पुनर्रचना म्हणजे असत्य, या जॉन रस्किन यांच्या १८४९ मधील भूमिकेशी तो जुळणारा होता.

दुसऱ्या बाजूला शहराचे वास्तुविशारद ज्यूल कोमान्स होते. युद्धापूर्वी मंडईच्या डागडुजीचे काम त्यांच्याकडेच होते आणि तिची मोजमापे त्यांच्या परिचयाची होती. महापौर कोलार्ट यांचा त्यांना पाठिंबा होता. मुख्य म्हणजे रहिवासी परतू लागले होते. लाकडी झोपड्यांत संसार थाटलेल्या या माणसांना पवित्र भग्नावशेष नको होते. बाजार, शाळा आणि छप्पर हवे होते. स्मृती हा पाहुण्यांचा हक्क असेल, तर निवारा हा यजमानांचा. अखेरीस ब्रिटिश स्मृतीला स्वतंत्र जागा मिळाली. रेजिनाल्ड ब्लोमफील्ड यांच्या आराखड्यानुसार उभारलेले मेनिन गेट २४ जुलै १९२७ रोजी खुले झाले आणि थडगी नसलेल्या ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावे त्याच्या भिंतींवर आली. सीगफ्रीड ससून यांनी आपल्या कवितेत या स्मारकाच्या भव्यतेवरच आरोप ठेवला. मंडईच्या दृष्टीने मात्र मेनिन गेटचा अर्थ मुक्ततेचा होता : परक्यांच्या शोकाचा भार दुसऱ्या वास्तूने उचलल्यामुळे तिला पुन्हा मंडई होण्याची मुभा मिळाली.

५.

कोमान्स यांच्या देखरेखीखाली मंडई पुन्हा उभी राहू लागली. घंटामनोरा १९३४ मध्ये पूर्ण झाला. कोमान्स १९३७ मध्ये निवर्तले. दुसरे महायुद्ध मध्ये आले. न्यूवेर्कसह संपूर्ण बांधकाम १९६७ मध्ये संपले. तगलेले जुने बांधकाम नव्या भिंतींत सामावून घेण्यात आले. शेजारच्या सेंट मार्टिन चर्चच्या बाबतीत मात्र कोमान्स यांनी युद्धपूर्व स्थितीत नसलेला उंच निमुळता कळस चढवला. मंडई ही पुनर्मुद्रित आवृत्ती म्हटली, तर चर्चचा कळस ही संपादकाची अनुमानित दुरुस्ती आहे.

संपादनाची ही परिभाषा येथे केवळ अलंकार म्हणून आलेली नाही. चर्चिल यांनी आपला प्रस्ताव मांडला त्याच वर्षी, १९१९ मध्ये, पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या कामाचा प्रारंभ झाला आणि मंडई पूर्ण होण्याच्या आदल्या वर्षी, १९६६ मध्ये, ते काम सिद्धीस गेले. दोन्ही प्रकल्पांचा परस्परसंबंध काहीच नाही; प्रश्न मात्र समान आहे. मूळ हरपले असता त्याची पुनर्रचना कोणत्या अधिकाराने करायची? विष्णु सीताराम सुखटणकर यांच्या पद्धतीने सिद्ध झालेली संहिता कोणत्याही एका हस्तलिखितात जशीच्या तशी आढळत नाही. तरीही ती बनावट ठरत नाही, कारण तळटीपांत आणि परिशिष्टांत पाठभेद नोंदलेले असतात. वाचकाला संपादकाचा निर्णय दिसतो आणि तो नाकारताही येतो. पुनर्रचनेची प्रामाणिकता तिच्या मूळसदृशतेत नसून तिने आपले सांधे उघडे ठेवण्यात असते.

या निकषावर ईपरची मंडई अर्धीच उतरते. जुन्या आणि नव्या दगडांतील फरक लक्षपूर्वक पाहणाऱ्याला दिसतो. परंतु चौकात प्रथमच आलेल्या प्रेक्षकाला ती तेराव्या शतकाची अखंडित वास्तू वाटते. १९१४ ते १९३४ हा वीस वर्षांचा कालखंड तिच्या दर्शनी भागावर लिहिलेला नाही. कोमान्स यांच्यावर हा एक गंभीर आक्षेप आहे आणि द्यूईक यांच्या भूमिकेचे बळ येथेच आहे.

तथापि हा आक्षेप दुसऱ्या परंपरेतून पाहता सौम्य होतो. मराठीत ‘जीर्णोद्धार’ हा शब्द आहे. त्यात जीर्णतेचे जतन अभिप्रेत नसून उद्धार अभिप्रेत आहे; ज्या उपयोगासाठी वास्तू होती तो उपयोग चालू राहिला, तर दगड बदलल्याने तिची ओळख संपत नाही. रस्किन यांच्या भूमिकेत वास्तूची ओळख द्रव्यात आहे, जीर्णोद्धाराच्या कल्पनेत ती वापराच्या सातत्यात आहे. १९९४ च्या नारा येथील अस्सलपणाविषयक दस्तऐवजाने उपयोग, परंपरा आणि स्थान यांनाही प्रामाण्याच्या विचारात स्थान दिले. १९९९ मध्ये बेल्जियममधील घंटामनोऱ्यांचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश झाला, तेव्हा ईपरचा पुनर्निर्मित मनोराही त्यांत होता. परंतु जीर्णोद्धाराची कसोटी लावायची, तर एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. देवालयाचा जीर्णोद्धार होतो कारण पूजा चालू राहायची असते. ईपरच्या मंडईत कापडाचा व्यवहार केव्हाच थांबला होता. मग उद्धार कशाचा झाला?

६.

या प्रश्नाचे उत्तर १९९८ मध्ये मिळाले, असे म्हणता येईल. त्या वर्षी मंडईतील युद्धवस्तूंच्या पूर्वीच्या संग्रहाच्या जागी ‘इन फ्लँडर्स फील्ड्स’ हे संग्रहालय सुरू झाले. २०१२ मध्ये ते विस्तारित रूपात पुन्हा उघडले. हे नाव कॅनेडियन लष्करी डॉक्टर जॉन मॅक्रे यांच्या कवितेचे आहे. मे १९१५ मध्ये ईपरजवळ लिहिलेली ही कविता त्याच वर्षी ८ डिसेंबरला लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकात आली आणि पॉपीचे फूल हे शोकाचे सार्वत्रिक चिन्ह झाले. डच बोलणाऱ्या शहरातील, मध्ययुगीन व्यापाऱ्यांच्या इमारतीतील संग्रहालयाला कॅनेडियन कवीच्या इंग्रजी कवितेचे नाव अनुवादाविना द्यावे, ही गोष्ट आंतरसांस्कृतिक व्यवहाराच्या अभ्यासकांनी सहज स्वीकारण्याजोगी नाही. युद्धानंतर जो हक्क ब्रिटिश वाचकाला दगडांवर मिळाला नाही, तो ऐंशी वर्षांनी नावावर मिळाला, असा त्याचा एक अर्थ होतो.

दुसरा अर्थ अधिक गुंतागुंतीचा आहे. मॅक्रे यांच्या कवितेत तीन कडवी आहेत. पहिल्या दोहोंत मृतांचा आवाज शोकात्म आहे. तिसऱ्यात तोच आवाज जिवंतांना शत्रूशी झगडा पुढे चालवण्याचे आवाहन करतो. पॉल फसेल यांनी १९७५ मधील आपल्या ग्रंथात या शेवटावर कठोर टीका केली आणि त्याचे नाते भरतीच्या प्रचाराशी जोडले. ईपरचे संग्रहालय मात्र युद्धाचे समर्थन करत नाही. त्याच्या मृतांच्या नामावलीत राष्ट्रीयत्वाचा भेद नाही आणि नागरिकांचाही समावेश आहे. म्हणजे संग्रहालयाने कवितेचे शीर्षक घेतले आणि तिसरे कडवे नाकारले. वाचनाच्या परिभाषेत हे प्रतिवाचन आहे. ज्या संहितेने मृतांना लढत ठेवले, त्या संहितेच्याच नावाखाली ते थांबवले गेले आहेत. मंडईच्या पूर्वीच्या वाचकांनी तिचे गौरवीकरण केले, पावित्र्य घोषित केले, विडंबन केले. या वाचनाने तिला वाद घालण्याची जागा केले.

या वाचनाचा विस्तार भारतीय वाचकापर्यंत पोहोचतो. ऑक्टोबर १९१४ च्या अखेरीस हिंदुस्थानी पलटणी ईपरभोवतीच्या खंदकांत दाखल झाल्या होत्या. एप्रिल १९१५ मध्ये लाहोर डिव्हिजन तेथे पुन्हा लढली. मेनिन गेटवर शेकडो हिंदुस्थानी सैनिकांची नावे आहेत. तरीही या आघाडीचे ‘साहित्य’ म्हणून जे शिकवले जाते, त्यात दीर्घकाळ केवळ इंग्रज कवी होते. मुल्कराज आनंद यांची ‘अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’ (१९४०) ही कादंबरी मार्सेय बंदरात उतरलेल्या पंजाबी शेतकरीपुत्राच्या नजरेतून हे युद्ध पाहते. २००८ मध्ये संग्रहालयाने या आघाडीवर पाच खंडांतून आलेल्या माणसांवर प्रदर्शन भरवले, तेव्हा हा वगळलेला वाचकवर्ग मंडईत प्रविष्ट झाला. चर्चिल यांनी ज्या भूमीला एका वंशाचे तीर्थ मानले, तेथे इतक्या वंशांची माणसे पुरलेली होती.

मात्र या यशाची दुसरी बाजू नोंदवणे आवश्यक आहे. सातशे वर्षांच्या वास्तूत चार वर्षे सर्वाधिक बोलतात. १२८० चा उठाव, लोकर पिंजणारे व कापड कुंदणारे हात, रस्त्याखाली वाहणारी नदी, जत्रेचे कर्जरोखे हे सारे त्या चार वर्षांच्या आवाजात क्षीण होते. २०१८ मध्ये याच इमारतीत शहराच्या इतिहासाचे ‘ईपर म्युझियम’ सुरू झाले, ही या असमतोलाची अप्रत्यक्ष कबुलीच होय. एकाच छपराखाली दोन संग्रहालये असणे ही गैरसोय मानण्याचे कारण नाही. एक संहिता आणि तिचे पाठभेद शेजारी शेजारी ठेवण्याचा तो प्रयत्न आहे.

७.

ह्यूगो यांच्या सूत्राकडे परतता असे दिसते की, ग्रंथ आणि वास्तू यांचे नाते शत्रुत्वाचे नसून परस्परांच्या दुय्यम आवृत्त्या काढण्याचे आहे. मंडईतील दस्तऐवज जळाले आणि छापील निवडीत उरले. मंडई जळाली आणि मोजमापांतून पुन्हा उभी राहिली. कविता मंडईवर शीर्षक म्हणून आली आणि तिचे तिसरे कडवे मंडईने गाळले. यांपैकी कोणतीही आवृत्ती मूळ नाही, परंतु म्हणून सर्व आवृत्त्या सारख्याच विश्वासार्ह ठरत नाहीत. जी आवृत्ती आपण काय गाळले ते सांगते, ती अधिक विश्वासार्ह.

ईपरच्या व्यापाऱ्यांना हे तत्त्व ठाऊक होते. त्यांच्या दस्तऐवजाचे प्रामाण्य अक्षरे दुभंगणाऱ्या कडेवर अवलंबून होते. गुळगुळीत कापलेला तुकडा त्यांनी स्वीकारला नसता. आजच्या मंडईची दर्शनी भिंत त्या अर्थाने फार गुळगुळीत आहे. तिच्या आतील दोन संग्रहालये ती कड पुन्हा उघडी करण्याचे काम करत आहेत आणि तेच आता या वास्तूचे खरे प्रयोजन ठरले आहे. दर शनिवारी तिच्या समोरच्या चौकात आठवड्याचा बाजार भरतो. भाजी, चीज आणि कपडे विकणाऱ्यांना पाठभेदांशी कर्तव्य नसते. परंतु मंडईच्या पहिल्या वाचनाचे वारसदार तेच आहेत आणि ते वाचन अद्याप थांबलेले नाही.